भिंतीकडं तोंड

आप्पा, तुमचा तो फोल्डर आज मी उघडला. गेली कितीतरी वर्षं तो उघडत नाही, बिघडलाय, असंच मी सगळ्यांना सांगत आले. माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क काढून मी घरातल्या नव्या पेटीत बसवली. पेटी म्हणजे पुस्तकाएवढा एक डबा; घरातले सगळे फोटो, कागदपत्रं त्यात ठेवायची आणि घरातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून बघायची. तुम्ही काढलेली सगळी लग्नं दिसली, बारशी दिसली, पासपोर्टला घाबरून बसलेले चेहरे दिसले. एकाच फोल्डरवर पुन्हा पुन्हा तेच उत्तर, परवानगी नाही. आता ह्याच कामावर माझं पोट आहे. कागलच्या एमआयडीसीतून लोक फोन करतात, मॅडम, फोल्डर दिसतोय पण उघडत नाही, आणि मी जेवता जेवता सांगते की आधी त्याचा मालक कोण ते बघा. तसा आज मी तुमच्या फोल्डरचा मालक बघितला. तिथं नाव नव्हतं. एक हजार एक असा नुसता आकडा होता. जुन्या मशिनवर मी तुमचं खातं उघडलं होतं, त्याचा तो नंबर. नव्या पेटीला तुम्ही कोण हे ठाऊकच नाही. मला हसू आलं. नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन फिरणारा माणूस, ज्याचा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जायचा, तो आता नुसता एक हजार एक. हसता हसता रडू आलं, आणि तेवढ्यात गॅसवरची आमटी करपली.

त्यात काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण माझं मलाच एकदा सरळ मांडून बघायचं आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

शिवाजी पेठेत खाली आपला स्टुडिओ, वर आपण राहायचो. पुढच्या खोलीत लोक भिंतीवरच्या आरशात बघून भांग पाडून, पावडर लावून फोटोला बसायचे. मागच्या खोलीत अंधार, लाल दिवा, आणि तो औषधांचा आंबूस वास जो आईच्या पातळांनासुद्धा यायचा. गिऱ्हाइकांना एवढंच माहीत होतं. पण आठवड्यातून एकदा तरी पोलीस स्टेशनचा माणूस सायकल दाराला टेकवून म्हणायचा, "आप्पा, चला, हाय एक." तुम्ही हातातलं काम टाकून पिशवी उचलायचात. विहिरीतून काढलेले, उसात सापडलेले, घाटात ट्रकखाली आलेले, भावकीच्या भांडणात कोयत्यानं तोडलेले. पंचनाम्याला फोटो लागतात आणि ते कुणीतरी काढावे लागतात. परत आलात की अंगणातच अंगावरून पाणी घ्यायचात, आणि त्या दिवशी मटण असलं तरी नुसता भात-आमटी खायचात. आईनं कधी विचारलं नाही. मी विचारलं की डोळे वटारायचात.

मागच्या खोलीत तारेवर चिमट्यांनी फोटो वाळत घातलेले असायचे. लग्नाचे, मुंजीचे आपल्याकडं तोंड करून, आणि पोलिसांचे भिंतीकडं तोंड करून. मी नऊ वर्षांची असताना त्यातला एक वळवून बघितला. माणसाच्या कपाळापासून जबड्यापर्यंत कोयत्याची खाच होती आणि एक डोळा उघडा होता. फोटो अजून हातातच होता. तुम्ही मागून आलात आणि कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय माझ्या पोटऱ्यांवर ओढलात. एक नाही, चार. वळ आठ दिवस होते. शाळेत बाई विचारायला लागल्या तेव्हा मी सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. खोटं बोलायची माझी सुरुवात तिथली. संध्याकाळी तुम्हीच तेल लावायला बसलात. तुमच्या त्या तेल लावण्याचीही मला भीतीच वाटायची, हात हलका नव्हताच तुमचा. मी विचारलं, ते भूत होतं का, म्हणून त्याचं तोंड तिकडं केलंय का. तुम्ही म्हणालात, "भूतबित काय न्हाय. आपण बुद्धाच्या इहारात जाणारी माणसं, आपल्याला कुठलं भूत? जित्त्या माणसाला लाज वाटली की त्यो तोंड फिरवतोय. मेल्याल्याला फिरवता येत न्हाय. मग त्याच्या वतीनं आपण फिरवायचं. एवढंच हाय त्ये."

त्याच वर्षी दिवाळीला तुम्ही मला तुमचं जुनं भिंग दिलंत, निगेटिव्ह तपासायचं. दुसऱ्या पोरींना फ्रॉक आले आणि मला भिंग. मी दोन दिवस तोंड फुगवून होते. मग तुम्ही काचेवर निगेटिव्ह ठेवून मला शेजारी उभं केलंत. "मधलं बघू नगं. मधलं सगळ्यास्नी दिसतंय. आदी कोपरं बघायचं. खरं काय झालंय ते कोपऱ्यात पडल्यालं असतंय." कोर्टात वकील तुम्हाला उलटसुलट विचारायचे तेव्हा तुम्ही कोपऱ्यातली चप्पल, कोपऱ्यातला पालथा तांब्या दाखवून त्यांची तोंडं बंद केलीत, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत याला गणती नाही.

पुढं डिजिटल कॅमेरे आले. लाल दिवा गेला, तार गेली. मी कॉम्प्युटर शिकून कागलला एका कारखान्यात लागले होते. तिथं मोडीत काढलेल्या मशिनमध्ये दोन डिस्का बसवून मी माळ्यावर एक कॉम्प्युटर उभा केला. फोटो सगळे वर राहतील, खालच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून वायरनं बघता येतील, छापता येतील. मला केवढा अभिमान वाटला होता. तुम्ही कंबरेवर हात ठेवून बघत होतात. पहिला प्रश्न काय, तर, "पोलिसांचं फोटू वाळत कुठं घालायचं?" मी म्हटलं, आप्पा, आता वाळवायचं नसतं. "मग भिंतीकडं तोंड कसं करायचं?" मी समजावलं, प्रत्येक फोल्डरला परवानगी लावता येते, तुमच्या नावाचं खातं काढते, तो फोल्डर दुसऱ्या कुणाला उघडणार नाही. तुम्हाला पटलं नाही, पण समजलं. तेव्हापासून प्रत्येक वेळी पोलिसांचे फोटो वर चढवले की खालून हाक यायची, "भिंतीकडं तोंड हाय न्हवं?" आणि मी वरून म्हणायची, व्हय.

मग आपल्याकडं आलेलं इंटरनेट शेजाऱ्यांनाही हवं झालं. आपल्या गल्लीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. समोरच्या घरातून एक वायर आली, पलीकडच्या घरातून दुसरी, रस्त्यावरून तारा लोंबत आपल्या माळ्यावर. मी म्हटलं होतं की हे बरं नाही. "शेजारी मागतोय, त्याला काय दार लावायचं?" असं तुम्हीच म्हणालात. म्हणजे माळ्यावरच्या कॉम्प्युटरपर्यंत आता दोन घरांतले कॉम्प्युटरही पोचत होते, आणि मध्ये आडवी होती ती फक्त मी लावलेली परवानगी. हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं.

ती पोर आपल्याच गल्लीतली. तिला बघायला येणार म्हणून पहिला फोटो तुम्हीच काढलात, हनुवटी वर कर म्हणून तिच्यावर खेकसलात आणि ती फसकन हसली तेव्हा बटण दाबलंत. आजऱ्याकडं दिली. तीन वर्षांनी नवऱ्यानं बत्त्यानं तिचं डोकं फोडलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात आणेपर्यंत गेली. फोटो काढायला तुम्हालाच बोलावलं. त्या दिवशी तुम्ही जेवलाच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार प्रिंट न्यायला येऊन बाकड्यावर बसले होते. मी रजेवर होते. खालच्या कॉम्प्युटरवर फोल्डर दिसत होता, उघडत नव्हता. मी वायर बदलून बघितली. दोन्ही मशीन एकमेकांना हाक मारत होती, ओ देत होती. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी परवानगी नाही. मी जिन्यावरून वर, पुन्हा खाली. तुमचा आवाज चढत गेला. "एक फोटू गावंना व्हय तुला? कशाला शिकलीस मग?" मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा. हवालदार हसले, म्हणाले, "आप्पा, आपला जुना कॅमेराच बरा हुता की." आणि तुम्ही त्यांच्यासमोर माझ्या थोबाडीत मारलीत. मी पंचवीस वर्षांची होते, आप्पा. माझ्या हाताखाली कागलला चार माणसं होती. कानात शीळ वाजत होती तशीच मी माळ्यावर चढले आणि तो फोल्डर सगळ्यांना उघडा केला. बघणाऱ्याला, वाचणाऱ्याला, येणाऱ्याजाणाऱ्याला. घ्या, म्हटलं मनात, घ्या आता, बघा. खालून आवाज आला, "आलं, आलं." आणि पाठोपाठ तोच प्रश्न, "भिंतीकडं तोंड हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हय.

विसरले म्हणून सांगितलं तर निम्मं खरं होईल. संध्याकाळी आठवलं होतं. पण गाल अजून दुखत होता, आणि उद्या बघू म्हटलं. मग कागलची बस, कामाचा रगाडा, आणि त्यात अकरा दिवस गेले. बिघाड काय होता तो मला पुढं कळला. आठवड्यापूर्वी मी पासवर्ड बदलला होता आणि खालचा कॉम्प्युटर कुणाला न विचारता जुनाच पासवर्ड पुढं करत होता. त्याला तो जुना विसरायला लावायचा, एवढंच काम होतं.

अकराव्या दिवशी रविवार. आई माहेरी गेली होती. सकाळचे दहा वाजले असतील. मी वर कांदा चिरत होते. खाली आधी काच फुटली, मग शिव्या, मग तो आवाज जो लाकडावर मारल्याचा नसतो, माणसावर मारल्याचा असतो. त्या पोरीचे दोघं भाऊ आणि एक चुलता. थोरला रडत ओरडत होता, "माझ्या भनीचा उगडा फोटू पोरं मोबाइलवर बगत्यात चहाच्या गाड्यावर. तुझ्या दुकानातनं गेलाय त्यो. किती जणांस्नी दिलास, सांग." मग आपल्या जातीवरून. तुमचा आवाज मला फक्त दोनदा ऐकू आला. एकदा, "न्हाय रं, भिंतीकडं तोंड करून ठेवल्यालं हाय," आणि एकदा नुसता हुंकार, पोटात लाथ बसल्यावर येतो तसा.

मी खाली आले तेव्हा ते गेले होते. दारात माणसं गोळा झाली होती आणि कुणीच उंबरा ओलांडून आत येत नव्हतं. कॅमेऱ्याचं स्टँड वाकडं झालं होतं. बहुतेक त्यानंच मारलं असणार. तुम्ही फोटोच्या पडद्याला टेकून बसला होता. भुवई फाटून हाड दिसत होतं, चष्म्याच्या काचा जमिनीवर, पुढचे दोन दात तुमच्याच तळहातावर. एवढं होऊन तुम्ही माझ्याकडं बघून, म्हणजे माझ्या दिशेनं बघून, विचारलंत, "कुठं हुतीस गं?" मी म्हटलं, मोरीत, पाणी चालू होतं, ऐकू आलं नाही. तुम्ही मान हलवलीत. मग म्हणालात, "कॅमेरा घे. मापाची पट्टी घे. जखम धुवायच्या आदी फोटू काढायचं असतंय."

मी फोटो काढले. तुम्ही सांगत होतात तसे. आधी लांबून पूर्ण, मग जखमेजवळून, शेजारी पट्टी धरून. एक हलला म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "श्वास सोड आन् मग दाब." शर्ट काढलात, बरगडीवरचा बुटाचा ठसा दाखवलात. मग चष्मा नाही म्हणून कॅमेरा नाकाला लावून तुम्ही एकेक फोटो तपासलात, मोठा करून, सवयीनं. चौथ्यावर तुम्ही खूप वेळ थांबलात. मला वाटलं, चक्कर आली. मी पाणी आणायला उठले तर म्हणालात, "बस." कॅमेरा माझ्या हातात दिलात. "पुसू नगं. पर कुणाला देऊबी नगं. भिंतीकडं तोंड करून ठेव." मी ते न बघताच वर चढवले आणि तुमच्या नावाच्या खात्यात कुलूपबंद केले.

दुपारी हवालदार आले. म्हणाले, नावं सांगा, फोटू द्या, जातीवरनं बोललेत, कलम असं लागंल की सहा महिनं बाहेर येत न्हाईत. तुम्ही म्हणालात, तक्रार नाही. आणि फोटो बाहेर कसे गेले? "माझ्या हातनं. नवं यंत्र हाय, मला जमलं न्हाय." मी शेजारी उभी होते. चहा घेऊन उभी होते. पोलिसांचं काम त्या दिवशी सुटलं. पंचवीस वर्षांत ज्याचा एक फोटो इकडचा तिकडं झाला नाही, त्याच्याकडं पेठेतल्या बायका पोरींचे फोटो काढायला यायच्या बंद झाल्या. विहारात मात्र तुमचं कौतुक झालं. ज्यांनी मारलं त्यांच्यावर तक्रार केली नाही, ह्याला बुद्धाची मैत्री म्हणतात, ह्याला क्षमा म्हणतात असं बोललं गेलं, आणि सगळ्यांनी साधू, साधू म्हटलं. मीही म्हटलं. तुम्ही खाली मान घालून बसला होता. तीन वर्षांनी गेलात. जबडा तुमचा शेवटपर्यंत नीट मिटला नाही.

आज फोल्डर उघडला. हुकमाच्या दोन ओळी लिहाव्या लागल्या, बस. त्या पोरीचे फोटो मी बघितले नाहीत, ते तसेच भिंतीकडं आहेत. तुमचे बघितले. पहिले तीन बघून बाथरूममध्ये जाऊन आले. चौथ्यात तुमची भुवई आहे, रक्त कानापर्यंत आलेलं, पट्टी बरोबर शेजारी. मी मध्येच बघत होते. मग तुमचा आवाज आठवला आणि कोपरे बघितले. उजव्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांचा तो आरसा. आरशात मी, डोळ्याला कॅमेरा, आणि माझ्या गळ्यात ओढणीवर टाकलेली निळी वायर, दोन्ही टोकं लोंबत असलेली. शेजाऱ्यांच्या तारा आपल्या कॉम्प्युटरला जोडणारी वायर. माळ्यावरून मी नुकतीच उपटलेली.

म्हणजे फोटो कुणामुळं बाहेर गेले ते तुम्हाला कळलं होतं. त्याच मिनिटाला, नाकाला कॅमेरा लावून. तक्रार झाली असती तर चौकशी माळ्यावर आली असती, आणि नोकरी, नाव, सगळं माझं गेलं असतं. ती क्षमा नव्हती, त्या भावांचा त्यात संबंधच नव्हता. आणि मला तुमचा राग येतो, आप्पा, आजही येतो. आयुष्यभर ह्या ना त्या कारणानं हात उचललात, आणि जेव्हा खरंच उचलायला हवा होता तेव्हा नेमका आवरलात. त्या दिवसानंतर तुम्ही मला कधीच मारलं नाहीत. मी समजत होते, म्हातारपण आलं.

हे पाठवायचं कुठं? त्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे. परवानगी पुन्हा काढून टाकली, माझीसुद्धा. मालकाच्या जागी आकडा होता तसाच ठेवलाय, एक हजार एक. तोंड भिंतीकडं आहे, ह्या वेळी खरंच.

एवढंच राहिलं. मी मोरीत नव्हते. पाणी चालू नव्हतं. तुम्हाला मारत होते तेव्हा मी माळ्यावर बसून सगळ्यांना दिलेली परवानगी काढत होते, आणि मला सगळं ऐकू येत होतं.